कमी व्होल्टेजला मोटर का जळते?

रब्बीचे ओलीत जोरात सुरू झाले, की आमच्याकडच्या रिवाइंडिंगच्या दुकानांसमोर जळालेल्या मोटरी ओळीने पडलेल्या दिसतात. मिस्त्रीला कारण विचारले तर तो तांब्याची जुनी तार उपसत, मान वर न करता "व्होल्टेज नव्हतं" एवढेच सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अकोट तालुक्यातल्या ज्या पट्ट्यात मी राहतो, तेथे शेतीच्या फीडरवर थ्री फेज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि लाईनच्या टोकाला असलेल्या शेतात ४१५ व्होल्टऐवजी साडेतीनशे, कधी त्याहूनही कमी व्होल्टेज पोहोचते.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने या हिवाळ्यात मला एक प्रश्न विचारला. त्याची मोटर नुकतीच जळाली होती आणि मुलाच्या नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम त्याच्या वाचनात आला होता. "सर, व्होल्टेज कमी तं करंट बी कमी यायले पाह्यजे ना? मंग मोटर जयते काऊन?" हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच खोल आहे, आणि मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असूनही माझ्या वर्गात तो इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी विचारलेला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ओहमच्या नियमाने नेमके काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, हे पाहावे लागते.

गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरातील एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. विजेचा उगम म्हणून त्या काळी व्होल्टाचा पुंज वापरत. परंतु त्यातून मिळणारा प्रवाह मिनिटामिनिटाला ढासळत असल्यामुळे नेमके मोजमाप अशक्य होऊन बसे. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवल्यावरून ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचा उष्मायुग्म, म्हणजे सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी दोन धातूंची जोडी, घेतला. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की ही दोन्ही तापमाने स्थिर असल्याने मिळणारे व्होल्टेजही स्थिर राही. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूचीच्या विचलनावरून त्याने प्रवाह मोजला, आणि १८२७ साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जर्मनीत प्रारंभी त्याची कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ले पदक दिले. हे सर्व सांगण्याचे कारण असे, की ओहमचा प्रयोग धातूच्या तारांवर झालेला होता आणि त्यांचे तापमान फारसे बदलत नव्हते. शाळेत नियम सांगताना "तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना" ही अट आपण मंत्रासारखी म्हणून घेतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. सगळी गंमत मात्र त्या अटीतच आहे.

व्होल्टेजला प्रवाहाने भागले, तर येणाऱ्या भागाकाराला रोध म्हणावे, यात नियम असा काहीच नाही. ती केवळ व्याख्या आहे. असा भागाकार तारेचा, बल्बचा, मोटरचा, ओल्या मातीचा किंवा माणसाच्या शरीराचाही काढता येतो. व्होल्टेज बदलले तरी हा भागाकार तोच राहतो का, हा खरा प्रश्न आहे. ओहमचे म्हणणे एवढेच, की धातूच्या तारेत तो तोच राहतो. म्हणून न्यूटनच्या नियमांच्या पंक्तीला ओहमचा नियम बसवणे मला पटत नाही. तो काही पदार्थांच्या अंगी असलेला गुण आहे. बाकीच्यांनी तो पाळावा असे त्यांच्यावर कोणतेही बंधन नाही.

धातूने तरी तो का पाळावा? शाळेत या ठिकाणी पाण्याच्या पाइपची उपमा हमखास येते: दाब म्हणजे व्होल्टेज, पाण्याचा प्रवाह म्हणजे करंट. उपमा चांगली आहे, परंतु जेथे खरी मेख आहे नेमकी तेथेच ती साथ सोडते. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाइप टाकलेल्या कोणालाही ठाऊक असते, की दुप्पट पाणी काढायचे असेल तर दुप्पट दाब पुरत नाही; जवळजवळ चौपट लागतो, कारण पाणी वेगाने जाऊ लागले की त्यात भोवरे निर्माण होतात आणि वाहण्याचा वेगच वाहण्याला अडथळा करू लागतो. तारेत असे होत नाही. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये ८.५ × १०^२८ इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते मुळातच सेकंदाला सुमारे १६ लाख मीटर वेगाने वाटेल त्या दिशांना धावत असतात. चार चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून ८ अँपिअरचा एकदिश प्रवाह सोडला, तर या गर्दीला पुढे सरकण्याचा जो वेग मिळतो, तो सेकंदाला सुमारे ०.१५ मिलिमीटर असतो, म्हणजे गोगलगायीहूनही कमी. मूळच्या धावपळीपुढे ही भर इतकी नगण्य आहे, की ती दुप्पट झाली तरी इलेक्ट्रॉनांच्या टकरींमध्ये काही फरक पडत नाही. म्हणून व्होल्टेज दुप्पट, तर प्रवाह दुप्पट. टकरी वाढतात त्या तार तापल्यावर, कारण धातूतले अणू आपापल्या जागी अधिक जोराने कंप पावू लागतात. तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे; मोटरच्या वेळी तो पुन्हा लागेल.

पाणी तापवण्याच्या रॉडमध्ये नायक्रोमची तार असते. निकेल आणि क्रोमियमच्या या मिश्रधातूची रोधकता तांब्याच्या सुमारे साठपट असते, आणि तापल्यावरही त्याचा रोध काही टक्केच बदलतो. त्यामुळे रॉड हा ओहमचा अगदी आज्ञाधारक शिष्य आहे. १५०० वॉटच्या रॉडचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने ३५ ओहमच्या जवळपास येतो. व्होल्टेज १८० वर उतरले, तर प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून ९२० वॉटच्या आसपास येते. पंधरा लिटरची बादली २० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापायला एरवी साडेसतरा मिनिटे लागत असतील, तर आता साडेअठ्ठावीस लागतात. आंघोळीला उशीर होतो. रॉडला मात्र काहीही होत नाही.

जुन्या पिवळ्या बल्बची गोष्ट वेगळी आहे. हल्ली तो घरातून हद्दपार झाला असला, तरी कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी अजून लावला जातो. शंभर वॉटच्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो. पण तोच बल्ब होल्डरमधून काढून, गार असताना मल्टिमीटरने मोजला तर काटा चाळीस ओहमच्या आसपास थांबतो. मुलांना हे दाखवले की आधी ती मीटरवर संशय घेतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते आणि तेथे तिचा रोध गार अवस्थेच्या तेराचौदापट होतो. आता व्होल्टेज निम्मे केले, तर प्रवाह निम्मा होत नाही. तार कमी तापल्यामुळे तिचा रोधही उतरतो आणि प्रवाह सुमारे दोन तृतीयांशावर येऊन थांबतो. प्रकाश मात्र दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून अशा वेळी बल्ब नुसता लालसर निखाऱ्यासारखा दिसतो. तार धातूचीच आहे आणि प्रत्येक क्षणीच्या तापमानाला ओहमचा नियम ती पाळतेही, परंतु व्होल्टेज बदलले की तिचे तापमान बदलते, आणि त्यामुळे आलेख सरळ रेषेत राहत नाही.

एलईडी हा तर धातूच नव्हे, अर्धवाहक आहे. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या जरा अलीकडेपर्यंत जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, आणि त्यापुढे व्होल्टेज किंचित वाढवले तरी तो झपाट्याने चढतो. पण घरातल्या एलईडी बल्बमध्ये तिच्या पुढे ड्रायव्हर नावाचे सर्किट बसवलेले असते, आणि ते चांगल्या प्रतीचे असेल तर व्होल्टेज २३० असो की १५०, ते आतल्या एलईडीला ठरावीक शक्तीच पुरवते. शक्ती तेवढीच राहायची आणि व्होल्टेज कमी झाले, तर हिशेब जुळवण्यासाठी लाईनमधून घेतला जाणारा प्रवाह वाढला पाहिजे. म्हणजे व्होल्टेज उतरल्यावर जास्त करंट खेचणारी वस्तू प्रत्येक घरात लटकत आहे. नऊ वॉटच्या बल्बमुळे ते कोणाला जाणवत नाही एवढेच.

मोटर हेच करते, पण तेथे ते जाणवते, कारण ती पाच एचपीची असते.

पाच एचपीच्या थ्री फेज मोटरच्या, डेल्टा (म्हणजे त्रिकोणी) जोडणीतल्या, एका फेजच्या वायंडिंगचा रोध गार असताना चार ते पाच ओहमच्या आसपास असतो. तांब्याची तार म्हणून तिला ४१५ व्होल्टवर ओहमचा नियम लावला, तर तिच्यातून नव्वद अँपिअरच्या आगेमागे प्रवाह जायला हवा. प्रत्यक्षात धडधाकट चालणाऱ्या मोटरच्या त्या वायंडिंगमधून जेमतेम साडेचार अँपिअर जातात आणि लाईनवर ते साडेसात-आठ दिसतात. बाकीचा प्रवाह तांबे अडवत नाही. फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे वायंडिंगमध्येच एक उलटे व्होल्टेज निर्माण होते, आणि ते बाहेरून आलेल्या व्होल्टेजला जवळजवळ तोलून धरते. प्रवाह किती जाईल हे या दोहोंमधल्या तफावतीवर ठरते, आणि ती तफावत मोटरवरच्या कामावर. म्हणजे मोटर स्वतःच्या रोधाप्रमाणे प्रवाह घेत नाही, ओढायच्या पाण्याप्रमाणे घेते.

आता व्होल्टेज साडेतीनशेवर आले असे धरू. मोटरची पिळण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ती ७१ टक्क्यांवर येते. तीनशे व्होल्टला निम्मीच उरते. पंपाचे काम मात्र कमी झालेले नसते. विहिरीतले पाणी तेवढेच खोल आहे आणि पाइपही तेवढाच लांब आहे. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, थोडा मागे पडतो, आणि मागे पडण्याच्या या क्रियेतूनच तो अधिक प्रवाह खेचू लागतो. शक्ती साधारण तेवढीच लागणार असल्यामुळे साडेतीनशे व्होल्टला प्रवाह १८ ते २० टक्क्यांनी वाढतो आणि वायंडिंगमधली उष्णता, ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे जात असल्यामुळे, चाळीस टक्क्यांनी. तीनशे व्होल्टला ती जवळजवळ दुप्पट होते. येथे मघाचा तो ०.४ टक्क्यांचा आकडा आपला हिशेब मागतो: वायंडिंग शंभर अंशांनी तापले, तर तांब्याचा रोध आणखी ३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे त्याच प्रवाहाला आणखी उष्णता, आणि त्या उष्णतेने आणखी रोध. तारेवरचे एनॅमल, म्हणजे वेढे एकमेकांपासून अलग ठेवणारा लेप, या फेऱ्यात कधीतरी हार मानते. एक जागा उघडी पडून दोन वेढे आपसात भिडले, की पुढचे काम काही मिनिटांचे असते. मिस्त्रीच्या दुकानात वायंडिंग उघडल्यावर सगळीच वेटोळी काळीठिक्कर दिसली तर ते बहुधा अशा ओव्हरलोडचे लक्षण असते. अशा डेल्टा मोटरमध्ये एकाच फेजची वेटोळी जळून बाकीची शाबूत राहिली असतील तर एक फेज गेलेली असताना मोटर दोन फेजवर चालत राहिली असे समजावे.

शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढे आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले याचसाठी बसवलेला असतो. पण तो वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा वाढवून ठेवण्याची रीत आमच्याकडे सर्रास आहे, आणि पाण्याची पाळी निघून जाण्याची धास्ती ज्याला आहे त्याला ती चूक आहे हे नुसते सांगून उपयोग होत नाही, हेही मला कळते.

आता व्होल्टेज मुळात उतरते कोठे, ते पाहू. तेथे मात्र ओहमचा नियम कोणतीही सवलत न देता लागू होतो. डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघालेली अॅल्युमिनियमची लाईन तीस चौरस मिलिमीटरची आणि एक किलोमीटर लांब असेल, तर अॅल्युमिनियमच्या रोधकतेवरून एका तारेचा रोध सुमारे ०.९४ ओहम येतो. एक ओहमसुद्धा नाही! परंतु तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी आहेत आणि प्रत्येक मोटर ८ अँपिअर घेत आहे. सगळ्या टोकाला असत्या, तर दर फेजला ७५ व्होल्ट वाटेतच गेले असते. त्या लाईनभर सारख्या अंतराने विखुरलेल्या आहेत असे धरले तर घट निम्मी, म्हणजे ३७-३८ व्होल्ट होते. एका फेजचे २४० व्होल्ट (दोन फेजमध्ये मोजले तर हेच ४१५) टोकाला पोहोचेपर्यंत २०२ होतात, आणि दोन फेजमध्ये मोजले तर नेमके साडेतीनशे. याच जाडीची तार तांब्याची असती तर रोध ०.५७ ओहम आला असता. पण तेवढाच रोध मिळवायला अॅल्युमिनियमची जाडी सुमारे १.६ पट करावी लागली, तरी वजन तांब्याच्या निम्मेच भरते, आणि शिवारातल्या लांबच लांब लाईनी ओढताना हाच हिशेब निर्णायक ठरतो.

यात एक दुष्टचक्र आहे. लाईनमध्ये व्होल्टेज उतरले की मोटरी जास्त प्रवाह खेचतात, आणि प्रवाह वाढला की लाईनमध्ये आणखी व्होल्टेज उतरते. ऑटो स्विचने तर कहर होतो. लाईट येताच दहाही मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला जातात, आणि थांबलेल्या मोटरमध्ये उलटे व्होल्टेज नसल्यामुळे प्रत्येकीला नेहमीच्या सहापट प्रवाह हवा असतो. दहा मोटरींचे मिळून ४८० अँपिअर होतात, आणि विखुरलेल्या लाईनचा हिशेब धरला तरी टोकाच्या २४० व्होल्टपैकी सव्वादोनशे वाटेतच संपतात. अर्थात टोकाला एवढे कमी व्होल्टेज असताना तेथील मोटर तेवढा प्रवाह घेऊच शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात मधलीच कोठलीतरी अवस्था येते: कोणतीच मोटर धड फिरत नाही, सगळ्या घूं घूं करत जागेवर तापत राहतात आणि डीपीचा फ्यूज उडतो. मोटरी एकामागून एक, थोडे थांबून सुरू केल्या तर हा प्रकार टळतो. त्यासाठी शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणे असावे लागते. प्रत्येक मोटरला योग्य मापाचा कपॅसिटर लावला तरी लाईनमधला प्रवाह काही टक्क्यांनी उतरतो. खरा इलाज मात्र उच्चदाब वितरणाचा आहे: ११ हजार व्होल्टची लाईन शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, तर जेथे ८० अँपिअर लागत होते तेथे तीनच पुरतात, आणि तोच ०.९४ ओहम अवघ्या पावणेतीन व्होल्टवर समाधान मानतो.

सांध्यांबद्दलही सांगितले पाहिजे. अॅल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा पातळ थर बसतो, आणि तो विसंवाहक असतो. सर्व्हिस वायर नुसती पिळून लाईनला गुंडाळली असेल, त्यातही तांबे आणि अॅल्युमिनियम एकत्र असतील, तर पावसाच्या पाण्याने सांधा गंजतो आणि त्याचा रोध वाढत जातो. आमच्याकडे याला "कार्बन धरला" म्हणतात. अर्धा ओहम रोध धरलेल्या सांध्यातून ८ अँपिअर गेले, तर व्होल्टेज चारच व्होल्ट उतरते, जे मीटरवर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्या नखाएवढ्या जागेत ३२ वॉट उष्णता सतत तयार होत राहते. रात्रीच्या अंधारात खांबावरच्या सांध्याजवळ लालसर ठिपका दिसतो तो याचाच.

पाण्याची तऱ्हा धातूच्या अगदी उलट आहे. आमचा तालुका उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा, आणि दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेले की खारपाण पट्ट्याचा. गोड्या विहिरीच्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला पाचशे ते हजार मायक्रोसीमेन्सच्या आसपास भरते, तर खारपाणातल्या काही विहिरींची तीन हजारांच्या वर जाते. पाण्यात वीज वाहून नेतात ते क्षारांचे आयन, आणि पाणी तापले की त्यांची हालचाल सोपी होते. म्हणून दर अंशाला पाण्याचा रोध सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. पाण्यात पेन्सिलीची दोन शिसे बुडवून दीड व्होल्टचा सेल जोडला तर प्रवाह लगेच मंदावून नाममात्र उरतो, आणि दोन-तीन सेल जोडल्यावर शिसांवर बुडबुडे धरून तो व्यवस्थित वाहू लागतो, म्हणजे येथेही सरळ रेषा नाही. या अडचणीमुळेच पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आत उलटसुलट बदलता प्रवाह वापरतो.

जाता जाता, गावोगाव फिरणारे फिल्टरचे विक्रेते दोन ग्लासांत जो प्रयोग करून दाखवतात, तो याच जातीचा आहे. विहिरीच्या पाण्यात दांड्या बुडवून वीज सोडली की ते तपकिरी होते, फिल्टरच्या पाण्याचे तसे होत नाही, आणि पाहणारा घाबरून आगाऊ रक्कम देतो. ती घाण पाण्यात नव्हतीच. क्षारांमुळे प्रवाह गेला आणि लोखंडी दांडी झिजून तिचा गंज पाण्यात उतरला. फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगावे, म्हणजे तेही तपकिरी होते.

माणसाचे शरीर हाही असाच क्षारपाण्याचा वाहक आहे, वर कातडीचे कवच असलेला. हेन्री कॅव्हेन्डिशने १७८१ च्या सुमारास निरनिराळ्या वाहकांची तुलना स्वतःच्या हाताला बसणाऱ्या झटक्यावरून केली होती आणि ओहमच्या नियमाच्या अगदी जवळ तो पोहोचला होता. त्याने ते प्रसिद्धच केले नाही, आणि मॅक्सवेलने त्याचे कागद १८७९ साली छापले तेव्हा ते जगाला कळले. शरीराचा रोध व्होल्टेजप्रमाणे बदलतो. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, कातडी कोरडी असताना, २५ व्होल्टला तो तीन हजार ओहमच्या आसपास असतो. २३० व्होल्टला कातडीचे कवच दम सोडते आणि तो हजार-दीड हजारावर उतरतो. ओलीत करताना भिजलेले हात आणि चिखलातले अनवाणी पाय असले तर हजार धरणेच शहाणपणाचे. त्या हिशेबाने दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि हृदयाची लय बिघडवायला पन्नास ते शंभरही पुरतात.

म्हणून स्टार्टरच्या पेटीचे अर्थिंग महत्त्वाचे, आणि तेथे आमची काळी माती मोठी फसवी आहे. ओली असताना तिच्याइतकी चांगली वाहक माती क्वचित मिळते. उन्हाळ्यात मात्र ती आटते, वीतभर रुंद भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीचीही माती त्याला सोडून बाजूला सरकते. अडीच मीटर लांब, चार सेंटिमीटर व्यासाचा पाइप ओल्या काळ्या मातीत पुरला तर त्याचा रोध तीन-साडेतीन ओहम येतो. मातीची रोधकता सुकून दहापट झाली की तोच पाइप ३३ ओहम दाखवतो. फेजची तार पेटीला चिकटली तर पहिल्या स्थितीत सत्तर अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊन फ्यूज तात्काळ उडेल. दुसऱ्या स्थितीत जेमतेम सात अँपिअर जातील, डीपीच्या अर्थिंगचा रोध मिळवला तर त्याहूनही कमी. सोळा अँपिअरचा फ्यूज शांत बसून राहील आणि पेटीवर दोनशे व्होल्ट तसेच उभे राहतील. कोळसा-मीठ भरणे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहणे याला जुन्या वायरमनांची सवय समजून हसू नये.

अर्थिंग तपासण्याची आमच्याकडची पद्धत म्हणजे फेज आणि अर्थ यांमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहणे. बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग "कडक" आहे असे ठरते. परंतु शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध ५२९ ओहम आहे. त्याच्यासमोर अर्थिंगचे ३३ ओहम असले तरी त्यांच्या वाट्याला चौदा व्होल्टच येतात, आणि तेवढ्याने उजेडात पडलेला फरक डोळ्याला समजत नाही. त्या जागी नऊ वॉटचा एलईडी लावला, तर अर्थिंग शंभर ओहमचे असले तरी तो ऐटीत पेटेल. रोध खरोखर मोजायचा तर वायरमनकडे अर्थ टेस्टर असतो, तो आणवून घ्यावा, आणि माती पूर्ण सुकलेली असते त्या मे महिन्यात घ्यावा. श्रावणात काळ्या मातीत घेतलेले माप मेमध्ये काहीही कामाचे नसते.